जुनी पिकअप घेताना : तपासणारा मिस्त्रीच विकणाऱ्याचा निघाला

जुनी, झिजलेली पिकअप स्वस्तात घ्यायची, तिच्यावर थोडा खर्च करायचा आणि धंद्याला जुंपायची, असा विचार करणारे लहान व्यावसायिक आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि तो विचार मुळात चुकीचा आहे असे मला आजही वाटत नाही. माझ्या बाबतीत जे घडले ते मात्र अशा प्रत्येकाला ठाऊक असावे, कारण या व्यवहारातली फसवणूक गाडीच्या किमतीत नव्हती. किंमत कमीच होती, आणि ती मुद्दाम कमी ठेवलेली होती. पैसे काढले गेले ते नंतरच्या दुरुस्तीत, हप्त्याहप्त्याने, आणि दर वेळी ‘एवढे एकच काम राहिले आहे’ असे सांगून.

कराड तालुक्यात माझे फॅब्रिकेशनचे लहान वर्कशॉप आहे. गेट, ग्रिल, गोठ्याच्या आणि शेतातल्या शेड अशी कामे असतात. सहा मीटर लांबीचे पाइप आणि अँगल, वेल्डिंग मशीन, जनरेटर आणि दोन माणसे एवढे सगळे कामाच्या ठिकाणी न्यायचे तर दर वेळी भाड्याचा टेम्पो बघावा लागे, आणि ऊसतोडीच्या हंगामात तोही वेळेवर मिळत नसे. नवीन गाडीचा हप्ता परवडणारा नव्हता. ज्या मालवाहू गाडीचे भारासह एकूण वजन ३००० किलोपेक्षा जास्त नाही, तिला मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ मधून सूट असल्यामुळे मालवाहतुकीच्या परवान्याची (परमिटची) कटकट नसते, म्हणून त्या वर्गातली जुनी बोलेरो पिकअप पाहावी असे ठरवले. गाडीला दोन लाखांपर्यंत आणि तिच्या डागडुजीला पन्नास हजारांपर्यंत, असा माझा हिशेब होता.

माझा टेम्पो नसला तरी दोन मोटारसायकली आणि वर्कशॉपमधला जनरेटर ज्यांच्याकडे दुरुस्तीला जात असे, ते एक मिस्त्री माझ्या चांगल्या ओळखीचे होते. डिझेल गाड्यांच्या कामात त्यांचे नाव होते. गावाकडची रीत अशी की गाडी घ्यायची तर आधी मिस्त्रीच्या कानावर घालायचे, आणि मीही तेच केले. थोड्याच दिवसांत त्यांनी स्वतःहून फोन केला, की महामार्गालगत जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणाऱ्या एका व्यावसायिकाकडे २०११ सालची पिकअप आली आहे, बाजारभावापेक्षा पुष्कळ खाली मिळेल, तुम्ही या, मी सोबत येऊन तपासून देतो.

गाडी पाहायला गेलो तेव्हा इंजिन गरम होते. ‘आत्ताच एका गिऱ्हाइकाला चक्कर मारून दाखवली,’ असे सांगण्यात आले. डिझेल इंजिनाची पहिली खरी परीक्षा थंड असतानाच होते, कारण कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, कमी झालेले इंजिन सकाळच्या पहिल्या स्टार्टला कष्टाने उचलते आणि त्या वेळी जो धूर सोडते तो गरम झाल्यावर पुष्कळसा झाकला जातो. तेव्हा बोनेटला हात लावून पाहावे आणि ते गरम लागले तर दुसऱ्या दिवशी न सांगता सकाळी जावे. मिस्त्रींनी माझ्यासमोर ऑइल भरण्याचे झाकण काढून दाखवले. जिथून ‘बॅक कॉम्प्रेशन’ मारते, म्हणजे पिस्टनवरच्या रिंगा झिजल्या असतील तर जिथून धुराचे भपके यायला लागतात, तिथे फारसे काही दिसले नाही. त्याचे कारण मला नंतर कळले. इंजिनात नेहमीपेक्षा पुष्कळ जाड ऑइल आणि वर घट्टपणा आणणारे एक रसायन ओतलेले होते, ज्यामुळे झिजलेले इंजिन काही आठवडे शहाण्यासारखे वागते. ‘ऑइल नुकतेच बदलले आहे, दोन महिने हात लावू नका,’ हा सल्ला मला गाडीबरोबर फुकट मिळाला होता. असा सल्ला कोणी दिला तर ऑइल त्याच दिवशी बदलून घ्यावे, म्हणजे इंजिनाची खरी अवस्था आठवड्याभरात बाहेर पडते.

मग मिस्त्री गाडीखाली गेले, टॉर्च फिरवला, आणि बाहेर येऊन म्हणाले, ‘चासी एक नंबर आहे.’ मी स्वतः वेल्डिंगचा माणूस, तेव्हा मला खाली शिरून पाहण्याची इच्छा होतीच. परंतु चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, गंज रोखणारा अगदी ताजा, जाड काळा लेप (अंडरकोट) मारलेला होता, पावसाने खाली चिखल झाला होता, आणि रॅम्पवर घ्या म्हटले तर रॅम्प बंद असल्याचे उत्तर आले. हौद्याचा पत्रा नवा रंगवलेला होता. दरवाजाच्या खालच्या कडेला चुंबक लावून पाहिला तर तो काही ठिकाणी चिकटत नव्हता, म्हणजे तिथे पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलेली होती. पण एवढ्या जुन्या गाडीला थोडी गंज आणि थोडी लांबी असणारच, हे मी धरून चाललो होतो आणि त्यात गैर काही नाही. टायरची नक्षी खोल दिसत होती. ती मूळची नसून झिजलेल्या रबरात गरम हत्याराने कापून काढलेली होती. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, त्यांतले पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. दहा वर्षांपूर्वीच्या टायरला नव्यासारखी नक्षी दिसली तर दुसरा अर्थच निघत नाही.

व्यवहार एक लाख नव्वद हजारांना ठरला, आणि कागदपत्रांचे म्हणून बारा हजार वेगळे. ताबा घेताना लक्षात आले की पाहिली त्या दिवशी जी बॅटरी होती तिच्या जागी दुसरी, जुनी बॅटरी बसली आहे, आणि स्टेपनीही बदललेली आहे. हे प्रकार इतके सर्रास चालतात की सौदा ठरतानाच बॅटरी, पाचही टायर, जॅक आणि मीटरवरचा आकडा यांचे फोटो विकणाऱ्याच्या समोर काढून त्यालाच पाठवावेत, एवढा एकच उपाय आहे.

कागदपत्रांच्या नावाखाली मला मिळाले ते मूळ नोंदणी पुस्तक, आणि आधीच्या मालकाच्या सह्या असलेले, मालकी बदलण्यासाठीचे कोरे २९ व ३० नंबरचे फॉर्म. कर्जाची नोंद पुस्तकावर अजून शिल्लक होती. ती काढण्यासाठी लागणारा ३५ नंबरचा फॉर्म आणि बँकेचे ना हरकत पत्र ‘पुढच्या आठवड्यात’ येणार होते. ज्याने मला गाडी विकली त्याचे नाव यांपैकी एकाही कागदावर नव्हते. कायद्याने पाहिले तर मी त्याच्याकडून काही घेतलेलेच नाही असे दिसत होते, आणि ही रचना योगायोगाने झालेली नसते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०२२ मध्ये बदल करून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना परिवहन कार्यालयाचे अधिकारपत्र घेणे आणि गाडी आपल्या ताब्यात आल्याची सूचना २९-सी नंबरच्या फॉर्मने देणे १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक केले आहे. असा नोंदणीकृत व्यापारी गाडी विकेपर्यंत तिचा मालक मानला जातो, म्हणजेच जबाबदारही असतो. माझ्या विक्रेत्याकडे असे अधिकारपत्र नव्हते. ‘अधिकारपत्र दाखवा’ हा प्रश्न पैसे देण्यापूर्वी विचारायचा असतो, कारण त्या एका प्रश्नाने खरा व्यापारी आणि फक्त मधला माणूस वेगळे होतात.

त्यानंतरच्या दुरुस्त्यांचा इतिहास सगळा सांगत बसत नाही. रेडिएटर, क्लच, मागच्या पाट्यांचे बुश, टायर ही कामे एवढ्या जुन्या गाडीला लागतातच आणि ती मी धरलेली होती. सांगण्यासारखे आहे ते इंजिनाचे काम, कारण मोठी रक्कम तिथे गेली आणि पुरावाही तिथेच सापडला.

दोनेक महिन्यांनी ऑइल बदलताच गाडी निळसर धूर सोडू लागली, चढाला दम टाकू लागली आणि ऑइल पिऊ लागली. मिस्त्रींनी ‘हाफ इंजिन’ करावे लागेल असे सांगितले. हाफ इंजिन म्हणजे ब्लॉकमधले काम : पिस्टन आणि तो ज्या नळीत वरखाली होतो ते लायनर यांचा संच, रिंगा, मेन आणि कनेक्टिंग रॉडची बेअरिंगे, गरज असेल तर क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा इंजिनाचा दांडा) घासून घेणे, नवे गॅसकेट. अठ्ठेचाळीस हजारांचा अंदाज दिला गेला, पैसे तीन टप्प्यांत यूपीआयने घेतले गेले, आणि शेवटी दुकानाचे नाव नसलेल्या साध्या वहीच्या पानावर हिशेब लिहून मिळाला. जुने सुटे भाग मागितले तेव्हा ते भंगारात गेले होते. गाडी काही आठवडे बरी चालली आणि मग धूर पुन्हा सुरू झाला. या वेळी ‘हेडचे’, म्हणजे ब्लॉकवर बसणाऱ्या वरच्या भागाचे, ‘काम राहिले होते’ असे सांगण्यात आले, आणि त्याचेही पैसे मी दिले.

तिसऱ्यांदा तोच त्रास झाला तेव्हा मी तो हिशेबाचा कागद घेऊन कराडमधल्या एका मशीन शॉपमध्ये गेलो, जिथे क्रँक घासण्याची आणि बोअरिंगची कामे होतात. तिथल्या वयस्कर कारागिराने कागद वाचला आणि दोन ओळींवर बोट ठेवले. एका ओळीत ‘क्रँक ग्राइंड’ असे लिहून पैसे लावले होते, आणि खालच्याच ओळीत ‘बेअरिंग सेट, स्टँडर्ड’. क्रँक घासला की त्याचा व्यास कमी होतो, मग स्टँडर्ड मापाचे बेअरिंग त्याच्यावर बसतच नाही. पाव किंवा अर्धा मिलिमीटर कमी मापाचे बेअरिंग घ्यावे लागते आणि ते माप बेअरिंगच्या पाठीवर कोरलेले असते. म्हणजे या दोन ओळींतली एक तरी खोटी होती. इंजिन तिथेच खोलून घेतले तेव्हा दोन्ही खोट्या निघाल्या. क्रँक घासलेला नव्हता, बेअरिंगे जुनी होती, लायनर-पिस्टन जुनेच होते, आणि नव्या होत्या त्या फक्त रिंगा, त्याही झिजलेल्या लायनरमध्ये बसवलेल्या, ज्या बसण्याची शक्यताच नव्हती. ऑइलचा रंग दुधाच्या चहासारखा झाला होता, म्हणजे पाणी ऑइलमध्ये उतरत होते. ज्या हेडचे काम केल्याचे पैसे घेतले होते त्याचे गॅसकेटसुद्धा बदललेले नव्हते.

ज्यांना इंजिनाचे काम करून घ्यायचे आहे त्यांनी दोन गोष्टी कामापूर्वी बोलून ठेवाव्यात, की प्रत्येक जुना भाग पोत्यात भरून परत मिळाला पाहिजे, आणि मशीन शॉपची पावती वेगळी, त्या शॉपच्या नावाची मिळाली पाहिजे. प्रामाणिक मिस्त्रीला या मागणीचा राग येत नाही. नव्या भागांचे खोके आणि त्यावरचे नंबर आपल्यासमोर फोडले जावेत, हेही सांगून ठेवावे, कारण डुप्लिकेट मालाचा धंदा खोक्यावाचून चालणाऱ्या कामातच फोफावतो.

याच सुमारास फिटनेसची मुदत संपत आली. आठ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू गाडीला दर वर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. तपासणीत दोन कारणांनी गाडी नाकारली गेली. इंजिनावरचा नंबर ग्रीस आणि काळ्या रंगाखाली लपला होता. तो पुसल्यावर नोंदणी पुस्तकातल्या नंबराशी जुळेना. आणि चासीवरचा अंडरकोट पाण्याच्या फवाऱ्याने निघाला तेव्हा केबिनच्या मागे दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर आडवे वेल्डिंग दिसले.

ते वेल्डिंग पाहून मला व्यवसायातला माणूस म्हणून जो धक्का बसला तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. तुटलेल्या चासीला आधार द्यायचाच असेल तर जोडपट्टीची टोके निमुळती, तिरकी कापतात, म्हणजे ताण एका रेषेत साठत नाही. आणि चासीच्या वरच्या-खालच्या कडांवर आडवा टाका कधी घालत नाहीत, कारण गाडी भरली की नेमका तिथेच ताण येतो. इथे चौकोनी पट्टी उभी ठेवून चारही बाजूंनी, कडांवरूनसुद्धा, टाके भरलेले होते, आणि एका बाजूला टाक्याच्या शेजारून केसासारखी नवी चीर निघाली होती. त्या गाडीत माझी दोन माणसे आणि अर्धा टन लोखंड रोज बसत होते.

आधीच्या मालकाचा पत्ता नोंदणी पुस्तकावर होता. ते भेटायला तयार झाले याचे कारण त्यांचीही अडचण होती : गाडी अजून त्यांच्या नावावर असल्यामुळे माझ्या फेऱ्यांचे ई-चलान त्यांच्या मोबाइलवर जात होते. शिवाय अपघात झाला तर नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच मालक म्हणून जबाबदार धरला जातो, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ सालचा निकाल आहे, आणि तो त्यांना त्यांच्या वकिलाने सांगितलेला होता. त्यांनी मोकळेपणाने सांगितले की विटांची वाहतूक करताना चासी तुटली, इंजिन जाम झाले म्हणून भंगारातले दुसरे इंजिन टाकले, त्याची परिवहन कार्यालयात नोंद केली नाही, आणि हे सगळे सांगूनच गाडी पंचाण्णव हजारांना त्या व्यापाऱ्याला दिली. चासी कोणी जोडली असे विचारल्यावर त्यांनी ज्या मिस्त्रींचे नाव घेतले, ते माझेच मिस्त्री होते. जे वेल्डिंग त्यांनी स्वतः करून वर अंडरकोट मारला होता, त्याच्याखाली टॉर्च घेऊन ते माझ्यासमोर शिरले होते.

तेव्हा गाडी तपासायला माणूस न्यायचा तर तो विकणाऱ्याला आणि त्या गाडीला, दोघांनाही अनोळखी असावा, शक्य तर दुसऱ्या गावचा, आणि त्याची मजुरी आपण, सौदा होवो अथवा न होवो, आधी ठरवून द्यावी. पाचशे-हजार रुपये घेऊन ‘घेऊ नका’ सांगणारा माणूस सर्वांत स्वस्त पडतो. ज्याने गाडी सुचवली त्यानेच ती तपासायची आणि त्यानेच पुढे दुरुस्त करायची, ही तिन्ही कामे एका हाती गेली की त्या हाताला गाडी चांगली निघण्यात काही लाभ उरत नाही. चासी नंबर आणि इंजिन नंबर कापडाने पुसून, पेन्सिलीने कागदावर ठसा घेऊन पुस्तकाशी स्वतः ताडून पाहावा. सरकारच्या एम-परिवहन ॲपवर कर्जाची नोंद, फिटनेसची आणि विम्याची मुदत पाहावी. चलाने आणि पर्यावरण कराची बाकी तपासावी. आधीच्या मालकाशी पैसे देण्यापूर्वी बोलावे. विक्रेता ‘ते बाहेरगावी असतात’ म्हणून नंबर द्यायला टाळतो तेव्हा त्या भेटीत काय ऐकायला मिळेल हे त्याला माहीत असते. आणि गाडी नावावर होईपर्यंत किमतीचा काही भाग राखून ठेवावा, मग ती कितीही स्वस्त असो. कायद्याने राज्यातल्या राज्यात मालकी बदलल्याचे विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. वर्षभर कोरे फॉर्म घेऊन फिरणे ही सवय झाली म्हणून नियमात बसत नाही.

पोलीस ठाण्यात मी भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीबद्दलच्या कलम ३१८ खाली तक्रार दिली. हा दिवाणी स्वरूपाचा वाद आहे असे मला प्रथम सांगण्यात आले. आधीच्या मालकांचा लेखी जबाब आणि मशीन शॉपचा अहवाल जोडल्यावर अर्ज चौकशीला घेतला गेला. दुसरी तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात आहे. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागू होत नाही असे अनेकांना वाटते आणि समोरच्या वकिलानेही तेच लिहून दिले आहे. परंतु ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(७) च्या स्पष्टीकरणात स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी वापरलेली वस्तू व्यापारी हेतूतून वगळलेली आहे. वस्तूसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचे मार्गदर्शन मिळते. मिस्त्रींना यूपीआयने दिलेल्या रकमांच्या नोंदी मला तिथे सर्वांत उपयोगी पडत आहेत. रोख दिलेल्या पैशांपैकी एकही सिद्ध करता आलेला नाही, आणि त्यांत कागदपत्रांचे ते बारा हजारही आहेत.

नोटीस गेल्यावर व्यापाऱ्याने मध्यस्थ पाठवून एक लाख वीस हजारांना गाडी परत घेण्याची तयारी दाखवली. एकूण खर्च साडेतीन लाखांच्या पुढे गेलेला असताना तेवढेही घेऊन मोकळे व्हावे असे घरच्यांचे म्हणणे होते, आणि मी तयारही झालो होतो. मी एकच अट घातली, की चासी तुटून जोडलेली आहे आणि इंजिन नोंदीतले नाही, हे परतीच्या कागदावर लिहून त्याने सही करावी. त्यावर तो मध्यस्थ म्हणाला की असे लिहून दिले तर पुढे ती विकायची कशी. गाडी अजून माझ्याच आवारात आहे, तिच्यावर आयोगाचा तज्ज्ञ पाहणीला यावा असा अर्ज मी दिला आहे, आणि अंडरकोट पुन्हा कोणी मारू नये म्हणून वेल्डिंगचे सगळे फोटो तारखेसह आधीच दाखल केले आहेत.